एक जानेवारी

एक तासाच्या टेपला एक तासच लागतो.
घाई चालत नाही.
शाळेच्या अडगळीतून मागून आणलेला व्हीसीआर,
अंगठ्याएवढी एक डबी, पिवळी, पांढरी, लाल वायर,
आणि मी, केमी गावात, डिसेंबरात,
दुपारी दोनलाच दिवे लावून बसलेली.

आधी हेड पुसायचं, स्पिरिटनं, कान कोरायच्या काडीनं.
काडी काळी निघते.
मग पडद्यावर बर्फ पडतो, आडवा,
आणि बर्फातून एन्सिओ धावत येतो,
पुढचे दोन दात पडलेला.
खाली कोपऱ्यात पांढरे आकडे:
एक जानेवारी अठ्ठ्याऐंशी.

बाबांनी कॅमेऱ्याचं घड्याळ कधी लावलंच नाही.
कागद कारखान्यात तीन पाळ्यांच्या भोंग्यावर जगलेला माणूस;
म्हणायचे, घड्याळं तिकडे पोत्यानं आहेत.
बॅटरी उतरली की आकडे मुकाट्यानं
दावणीला परतायचे.

म्हणून आमच्या घरात सगळं एकाच दिवशी घडलं.
दुपट्यात गुंडाळून मी घरी आले, सायकलवरून पडले,
मुस्ती कुत्री आली, मुस्तीला बर्चखाली पुरलं,
काकानं दोनदा लग्न केलं,
मध्यरात्रीच्या उन्हात, दलदलीत वाकून,
डास हाकलत आम्ही पिवळी लक्का फळं वेचली,
एक जानेवारी.

कॉम्प्युटर आज्ञाधारक. तारखेवारी लावतो,
आणि सगळ्यांना एकाच रकान्यात कोंबतो.

एन्सिओला फोन करते, ताम्पेरेला.
पडदे हिरवे आहेत का? मग नव्वद.
मुस्ती लंगडते आहे? त्र्याण्णवच्या पुढचं.
असं आम्ही कुत्रीच्या पायावरून
आमचं वय मोजत बसतो.

एकोणिसावी टेप.
आईच्या डोक्याला निळा रुमाल.
तो म्हणतो सत्त्याण्णव. मी म्हणते शहाण्णव.
मधल्या हिवाळ्यात एक डॉक्टर बसला आहे,
त्याचं नाव दोघंही घेत नाही.

ती पायरीवर मासे साफ करते आहे.
सुरी थांबते. वर न बघता म्हणते,
"ओइवा, तारीख तरी लाव त्याला.
पोरं विचारतील पुढे."
आणि बाबांचा आवाज, भिंगाच्या इतका मागून
की माझ्याच खांद्याशी:
"उद्या लावतो."

मागे नेते. पुन्हा.
टेप झिजते, ठाऊक आहे.
उद्या लावतो.
रुमालाखाली केस आहेत की नाहीत?
पांढऱ्या रेषा नेमक्या तिथूनच जातात.

फाइलला नाव द्या, कॉम्प्युटर म्हणतो.
एन्सिओ म्हणतो, टाक काहीही, मला झोप येते आहे.
मी लिहिते: आई, मासे.
पुढची जागा तशीच ठेवते.

कॅसेट बाहेर येते तेव्हा कोमट असते.
जरा वेळ हातात धरून बसते.

विसाव्या टेपवर बाबांच्या अक्षरात
एकच शब्द आहे: इतर.
हेड पुन्हा पुसायला हवं.