सतरा नंबरची जागा

घोड्यांचा बाजार उठून पंधरा दिवस झाले होते,
तरी सारंगखेड्याच्या मैदानात खुंट्यांची भोकं तशीच,
आणि वाळून हलकी झालेली लीद
तापीवरून वारा आला की टायरांपर्यंत घरंगळायची.
जिथे घोड्यांचे दात बघितले गेले
तिथे आज जुन्या मॅटाडोर उभ्या होत्या.
माणसं तशीच वाकून बघत होती,
पाट्यांवर थाप मारून.

दोंडाईच्याहून पहिल्या एसटीने आलो, मी आणि आप्पा.
फॉर्मवर 'गाडी क्रमांक' असं होतं,
आप्पांनी तो न थांबता लिहिला.
अकरा वर्षांपूर्वी भंगारात तोलून दिलेली गाडी,
पावती अजून माझ्या दप्तरात आहे, वजनासकट.
मी काही बोलले नाही.
टेबलावरच्या पोराने बिल्ला दिला : सतरा.

सोळा नंबरला धुळ्याची दुधाची गाडी, निळी.
अठराला हिलाल तात्यांची, आत पलंग टाकलेली.
मध्ये चुन्याने आखलेला रिकामा चौकोन.
आप्पा त्यात जाऊन उभे राहिले,
ड्रायव्हरच्या बाजूला.

"कोठे शे गाडी, आप्पा?"
"आठेच शे."
लोक आधी हसले. मग विचारू लागले.
नंदुरबारची मिरची किती पोती बसायची,
लग्नाचं वऱ्हाड किती,
आणि आप्पा हाताने दाखवत : इथपर्यंत पोती,
इथे नवरीची पेटी, इथे माझी पोर झोपायची, हॉर्नने न उठणारी.
एका लहान मुलाने चौकोनाला वळसा घातला,
आरपार गेला नाही.
नाशिकचा परीक्षक आला, वही उघडली,
मागचं दार नीट लागतं का, म्हणाला.
"लाथ मारावी लागते," आप्पा म्हणाले.
त्याने काहीतरी लिहिलं.

दुपारी कोकिळाबाईंनी हाक मारली.
शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि तात्यांनी
हे चाकांवरचं घर केलं :
खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे, सीटखाली मसाल्याचा डबा,
आणि टपावर दोरीने बांधलेल्या, अजून कोऱ्या, दोन घडीच्या खुर्च्या.
"माले समुद्र देखना शे," त्या म्हणाल्या,
जशी वर्गात हजेरी सांगावी.
पाच वेळा निघाले. पाचही वेळा
कोंडाईबारीतच गाडी तापली,
आणि दोघं बॉनेट उघडून, खडकावर बसून
भरीत-भाकरी खाऊन परत आले.
"घाट पाठ झाला," तात्या म्हणाले,
"तिथला चहावाला आता आमचं लेकरू विचारतो."

आप्पांनी भाकरी खाली ठेवली.
बॉनेटला कान लावला, जसा बैद लावतो.
"रेडिएटरले तहान लागस," म्हणाले,
आणि बाहीवर करून हात आत घातला,
कोपरापर्यंत.
कुठली तरी नळी हलवली, काळा झालेला अंगठा बघितला,
कुणाचं तरी लग्न ठरल्यासारखे गप्प झाले.
तात्यांनी बारा नंबरचा पाना दिला.
उन्हं कलेपर्यंत मी पाणी आणत राहिले,
बॅरेजमागे तुंबलेल्या तापीतून,
जिच्यापलीकडचा काठ तेवढ्यापुरता दिसत नव्हता.
कोकिळाबाई घाटापेक्षा तिकडेच बघत होत्या.
"इतकंच असतं का गं पाणी तिथे?"
मी कधी पाहिला नव्हता. म्हटलं, थोडं खारट.

बक्षीस निळ्या गाडीला मिळालं, टाळ्याही.
सतराला कुणी काही दिलं नाही,
पण जाताना परीक्षक चौकोनाच्या कडेकडेने गेला.

तात्यांची गाडी पहिल्या किल्लीत लागली,
पुढच्या शुक्रवारी, म्हणाले, सहाव्यांदा.
आप्पांनी 'येतो' असंही म्हटलं नाही, 'नाही' असंही.
चपलांना चुना होता.

परतीच्या एसटीत मागच्या सीटवर
ते झोपल्यासारखे बसले होते.
पुलाचा उतार आला,
आणि अंधारात, माझ्या पायाशेजारी,
त्यांचा उजवा पाय
हळूहळू ब्रेक दाबत गेला.