फाटक

संत योहानाच्या रात्री, आमच्या बोलीत सान शोआन,
पोरं फाटकं चोरायची.
बिजागरीतून अलगद उचलायची, खांद्यावर घ्यायची,
चर्चपुढच्या चौकात ढीग लावायचा.
सकाळी मालक शिव्या घालत येत
आणि आपापलं लाकूड ओळखून घेऊन जात.
एका वर्षी आमची अख्खी बैलगाडी
घंटेच्या मनोऱ्याला टेकून उभी,
आणि गाडीत पाद्रीबाबांची खुडूक कोंबडी.

आता गावात सात उंबरे.
सगळ्यांत धाकटा एलाडिओ, एकाहत्तरचा.
पोरं विगोला, झुरिकला.
फोनवर विचारतात, यंदा जाळ केलात का?
गॅलिसियात परत या म्हटलं की त्यांची रेंज जाते.

केला जाळ. अंजिराच्या फांद्यांचा, गुडघ्याएवढा.
उडी कसली मारते, काठी टेकत
बाजूने वळसा घालून ओलांडला.
संत समजून घेईल. त्यालाही गुडघे असतील.

मग अंगणात परात ठेवली, विहिरीच्या पाण्याची:
बडीशेपेची पालवी, रोजमेरी, नेच्याचं पान,
त्याच्या नावाची ती पिवळी फुलं,
रात्रभर दव पिऊ दे.
ओबदुलिया असती तर म्हणाली असती,
सताप कमी पडला गं.

झोप येईना.
दर वर्षी या दिवशी मी फाटकाला तेल घालते,
चोरांना त्रास नको.
अकरा वर्षं झाली, उजाडतं तेव्हा
ते जागच्या जागी.
जागच्या जागी असलेलं फाटक
फार वाईट दिसतं.

शाल घेतली, एलाडिओच्या कुंपणाशी गेले.
अठ्ठ्याऐंशीपासून आमचं बोलणं नाही,
एका चेस्टनटच्या झाडावरून.
झाड रोगाने कधीच वठलं,
अबोला अजून हिरवा.

फाटक उचललं तर
कुरकुरलंसुद्धा नाही.
हात बघितला चंद्रावर धरून:
तेल. ताजं.

तीनदा टेकलं वाटेत. एकदा मी, दोनदा फाटक.

सकाळी चौकातून त्याचा आवाज,
सातही उंबऱ्यांना ऐकू जाईल असा:
"कुठल्या उनाड पोरांचं काम हे?
मेल्यांनो, कंबरडी मोडोत तुमची!"

मोडलंच होतं.
मी परातीवर ओणवी,
तोंड थेट पाण्यात,
आणि पाण्याला बुडबुडे येत होते.