रस्त्याच्या पलीकडे

एंडेलकाका गेले ते एप्रिलात,
बर्चच्या खोडाला भोक पाडून रस काढायच्या दिवसांत.
त्यांना मातीत ठेवून आम्ही परत आलो
तर त्यांनी लावलेल्या बादल्या भरून वाहत होत्या.
तूलीने विचारलं, आता हा रस कुणाचा?
मेरिकेने तिच्या हातात पेला दिला.
चव पाण्याचीच.
गोडवा मागून येतो,
लक्ष असलं तरच कळतो.

परसात यंदा सगळंच उशिरा.
रूबेनने दोरी ताणून बटाट्याच्या ओळी आखल्या
तरी तिसरी वाकडीच गेली.
तिथे काकांचा कुत्रा पुरलेला आहे,
फावडं आपसूक वळतं.
शेपू मात्र कुणी न पेरता आला,
गाजरांच्या वाफ्यात, वाटेवर, सौनाच्या पायरीच्या फटीत.
मेरिके म्हणते, या शेपूला काही शिस्त नाही.
म्हणते, आणि उपटत नाही.

जुलैत आम्ही दलदलीवर गेलो,
फळ्यांच्या अरुंद वाटेवरून एकामागे एक.
पाय फळीबाहेर पडला की खालची जमीन
झोपेत कूस बदलणाऱ्या गाईसारखी हलते.
पिवळ्या रानबेऱ्या: एका देठाला एकच फळ,
एकुलत्या लेकरासारखं वर धरलेलं.
तूलीचा हिशोब साधा,
एक डब्यात, तीन तोंडात.
डास आम्हा चौघांना सारखेच चावले.

पण खरी गोष्ट अळंबीची.
पिवळी अळंबी, जर्दाळूच्या वासाची,
काका दर ऑगस्टात टोपलीभर आणायचे,
वर नेच्याची पानं झाकून, चोरासारखे.
कुठे मिळाली म्हटलं तर एकच उत्तर:
रस्त्याच्या पलीकडे.
आमच्या गावाला रस्ता एकच आहे
आणि जगातलं सगळंच त्याच्या
या नाहीतर त्या बाजूला आहे.

बियांच्या डब्यात त्यांचा एक नकाशा सापडला.
पेन्सिलीने काढलेला ओढा, तीन पाईन, एक फुली.
दोन शनिवार आम्ही त्याच्यामागे घालवले,
ओढ्यात माझा बूट गेला,
आणि फुली निघाली
शेजारच्या हाइनोच्या शेणाच्या उकिरड्यावर.
मेरिके हसत हसत ओल्या ओंडक्यावर बसली,
मग बराच वेळ हसत नव्हती,
तरी तशीच बसून होती.

तिसऱ्या शनिवारी तूली रुसली.
पाय दुखतात, जंगल घाणेरडं आहे,
आणि मला शू लागली आहे.
स्प्रूसच्या दाट फांद्यांमागे गेली.
शांतता.
मग आवाज: बाबा, या. पण बघू नका.
मी डोळ्यांवर हात धरून गेलो
आणि वासानेच थांबलो.

शेवाळावर पिवळंच पिवळं,
अंडी फुटून बलक सांडावा तसं.
मधोमध बिअरचा पालथा क्रेट,
बसून बसून एका बाजूला खचलेला,
खाली प्लास्टिकच्या पिशवीत
मागच्या सप्टेंबरचं वर्तमानपत्र, अर्धवट शब्दकोडं.
आडवे शब्द सगळे भरलेले,
उभ्यांना हातच लावलेला नाही.
रूबेन क्रेटवर बसला.
त्याचे पाय जमिनीला टेकले.
मला वाटलं होतं अजून टेकत नसतील.

चाकूने कापली, उपटली नाहीत.
लहान होती ती राहू दिली.
क्रेट जिथल्या तिथे ठेवला,
वर्तमानपत्रसुद्धा.
मेरिकेने न सांगता नेच्याची पानं तोडली.

परतताना हाइनो कुंपणाशी उभाच.
टोपलीकडे नाक नेऊन म्हणाला, वा, कुठे?
मी तोंड उघडेपर्यंत
तूली म्हणाली, रस्त्याच्या पलीकडे.

खोटं बोलू नये असं आम्ही तिला शिकवलं आहे.
खोटं आहे की नाही याचा मी विचार करत होतो,
तोवर हाइनोने टोपी मागे सरकवली
आणि मान वळवून पाहिलं
नेमकं चुकीच्या बाजूला.

रात्री लोण्यात परतलेली अळंबी,
वाकड्या ओळीतले बटाटे,
आणि पायरीच्या फटीतला तो शेपू.