ऐंशीची हवा

वेंगुर्ल्यात, बंदराच्या वळणावर,
बस्त्याव पिंटोने माझा नवा पंप
उलटासुलटा करून पाहिला,
कल्ले उघडून बांगडा पाहावा तसा.

"डब्यार लिवलेला आसा दीडशे.
पण साठीक पावता पावता धाप लागतली ह्येका.
तुमच्या गाडयेक ऐंशी व्हयी.
चूल, खाट, पाण्याची टाकी,
वयनीची पुस्तकां,
ह्या वजन कोण पेलतला? हवाच मां!"

मग हात पुसत सांगत राहिला :
लायटरच्या भोकात खुपसायचा नको,
चिमटे थेट बॅटरीला लागणारा घ्या.
नळी मागच्या जोडचाकांत
आतल्या चाकापर्यंत पोचली पाहिजे,
बाहेरच्याला काय, कुणीही भरतो.
आणि हवा पहाटे बघायची.
दुपारी तापल्या टायरवर
काटा खोटं बोलतो.

तो पंप मी तिथेच ठेवला,
त्याच्या नातवाच्या सायकलसाठी.

तिसऱ्या दिवशी कुडाळहून आला
विटेसारखा जड एक.
सुरूच्या बनात, अजून अंधार,
घरघर दहा मिनिटं, मग विसावा,
पुन्हा घरघर.
काटा सत्तरीवर रेंगाळला,
मग निघाला.

गाडी बोटभर वर उठली.
आत इंदुमती कुशीवर वळली,
झोपेतच म्हणाली,
भरती आली का?