शेरणकोंडीतली मोजदाद

कार्तिकात एकशे बारा मळ्ये धरले,
देवरुखच्या खाली, शेरणकोंडीत.
बोटाएवढे. हनुवटीखाली चकती,
तिनं दगडाला धरून राहतात,
वहाळ कितीही ओढू दे.
प्रत्येकाचा पोटाकडचा डावा पर
नखकात्रीनं तिरका कापला
(दुखत असेल का, हा रकाना तक्त्यात नव्हता)
आणि सोडून दिला.

भागोजी घवाळी खांद्यावर पाग टाकून बघत होता.
धरलेला मासा त्यानं आयुष्यात
तीनदाच सोडलाय,
तिन्ही वेळा चुकून.

घरी बाटलीत एक मादी आहे, गेल्या ज्येष्ठातली.
तिची अंडी पांढऱ्या फरशीवर मोजली, सुईच्या टोकानं.
अठराशेवर वीज गेली.
अंधारात सुई तशीच धरून बसले,
मग पुन्हा एकपासून.
दोन हजार तीनशे सोळा.
यातली जगतात किती, असं विचारल्यावर भागोजी म्हणाला,
"कोंड हाय तेवढीच हाय की."
हेच सांगायला माझ्या प्रबंधाला
चाळीस पानं लागली आहेत.

माघ सरला. वरचा वहाळ तुटला,
दगडांच्या खालून नुसता ओलावा.
या दिवसांत खवल्यावरची वलयं
एकमेकांना चिकटत जातात.
भिंगाखाली वाचता येतं:
इथं पाणी होतं,
इथं दगडावर शेवाळ होतं,
इथं सगळे एकाच खड्ड्यात
आणि कोणीच वाढलं नाही.

फाल्गुनात पुन्हा जाळं.
नव्वद आले. खुणेचे सात.
एकशे बारा गुणिले नव्वद, भागिले सात:
चौदाशे चाळीस.
आकडा मी मोठ्यानं वाचला.
शेरणीच्या झुडपातला खंड्या उडून गेला.

भागोजीनं विडी कातळावर चुरडली,
बादलीत हात घातला,
एक मळ्या तळहातावर उताणा धरला.
"ह्यो तुमचाच, बाय. पर वाकडा फुटलाय."

मला ऐकू आलं ते 'परंतु'.
मग पाहिलं.
कापलं होतं तिथूनच
नवा पर, काचेसारखा,
एक काटा किंचित मुडपलेला.
भरून आलेली जखम
माझ्या वहीत
कधीच न धरलेला मासा म्हणून नोंदली होती.

म्हणजे आठ.
एकशे बारा गुणिले नव्वद, भागिले आठ.
बाराशे साठ.
भागोजीनं एका बोटानं
एकशे ऐंशी मासे कोंडीतून काढले,
एकही न मारता.

"अजून असतील असे?"
तो काही बोलला नाही.
ब्याऐंशी मासे
एकेक करून उताणे धरायचे राहिले होते,
बरेचसे वर येऊन तोंड उघडत होते,
आणि बादलीतलं पाणी
मनगटाला कोमट लागायला लागलं होतं.

मी बादली कलती केली.