पावतीची पाठ

इरिया आली तीच खिडक्या उघडत.
सादो नदीवरचा खारा वारा घरात शिरला,
आणि सॉकेटमध्ये खोचलेली माझी लव्हेंडरची डबी
तिने ओढून काढली,
कुत्र्याच्या कानातली गोचीड काढावी तशी.
याला सुगंध म्हणतेस, आई?
मी म्हटलं, तुझ्या बापाच्या अंगाला
तीस वर्षं सार्डिनचा वास होता.
घरात फुलं असावीत असं मला वाटणारच.

तिला सहावा लागलाय.
सुईणीने तिला सांगितलंय,
अंगात निरोपे हिंडत असतात,
थेंबाच्याही थेंबाएवढे,
आणि काही परके पदार्थ
त्यांचाच आवाज काढून दार वाजवतात.
शरीर भाबडं. उघडतं.
किती दारं, किती वेळा,
ते सुईणीलाही नेमकं ठाऊक नाही.

मग स्वयंपाकघराची पाळी.
खारवलेला मासा रात्रभर भिजायचा
ती निळी प्लॅस्टिकची परात गेली.
माळ्यावरून सासूबाईंचं मातीचं भांडं उतरलं,
काठाचा टवका उडालेलं.
खरवडलेला तवा गेला.
कोबीचं सूप आता काचेच्या वाडग्यात गरम होतं.
टोमॅटोच्या डब्यांपाशी मात्र मी हटून बसले.
सेतुबालमध्ये डब्यांवरच आपलं घर उभं राहिलं, म्हटलं.
डबा नाही गं, आतला लेप.
झाकणं बसवणारा तुझाच बाप होता, म्हटलं.
त्यावर दोघी गप्प.
तिने फडकं भिजवून कपाटामागची धूळ पुसली.
कोरडी झटकू नकोस, ओल्याने पूस.
एवढं मला लगेच पटलं.

शेवटी तिच्या हाती लागली बुटांची पेटी.

बावीस वर्षं मी गल्ल्यावर बसले.
पावती फाडायची, द्यायची, फाडायची,
हिवाळ्यात भेगांना मलम चोळून
त्याच हातांनी पुन्हा फाडायची.
अन्सेल्मू पहाटेच्या पाळीला, मी दुपारच्या.
आमचा संसार म्हणजे फ्रीजवर, चुंबकाखाली,
एका पावतीची पाठ:
दूध आणलं.
नळ गळतोय, हात लावू नकोस, मी बघतो.
रागावलीस का? संत्री टेबलावर आहेत.
आज खाडीत तीन डॉल्फिन. तू झोपली होतीस.

इरिया पेटी पोटापासून लांब धरून उभी.
या कागदाला शाई लागत नाही, म्हणाली,
उबेने अक्षरं उमटतात,
उमटवणारी पूड बोटांना लागते.
टाकायला हवं हे.
टाक, मी म्हटलं,
आणि पेटीची दुसरी बाजू सोडली नाही.

पुढची अक्षरं केव्हाच उडून गेलीत.
कुणी काय घेतलं, किती सुटे परत दिले,
सगळं पिवळट कोरं.
पाठीवरची पेन्सिल तेवढी टिकली.

आता रोज जेवणानंतर
साखरेच्या चिमट्याने एकेक पावती उचलते,
शाळेच्या वहीत उतरवते,
त्याच्या चुकांसकट.
उतरवलेली कचऱ्यात.
डॉल्फिनवाली मुरंब्याच्या बरणीत ठेवली.
इरियाने पाहिलं. झाकण घट्ट लाव, एवढंच म्हणाली.

मग साबणाने हात धुते,
कोपरापर्यंत, दाईसारखे,
तिच्या पोटाला हात लावायच्या आधी.
नळ अजून गळतो.
प्लंबर बोलवू या, इरिया म्हणते.
बघू, म्हणते मी.
त्याने लिहून ठेवलंय, हात लावू नकोस.