याबेस

नगर निगमच्या तीन नंबरच्या खिडकीत
बाबूने दोनदा विचारलं, क्या नाम बताया?
आणि लिहिलं: यासेब.
सेब तो समझ में आता है, म्हणाला.
मागचा माणूस माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

मी लगेच काही बोललो नाही.
मला वडील आठवले, हनोख झिराडकर,
श्योपूरच्या छोट्या गाडीचे गार्ड.
झिराड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.
रेल्वेच्या कोऱ्या मेमोच्या पाठीवर
उजवीकडून डावीकडे चार अक्षरं काढायचे:
योद, आयिन, बेथ, सादे.
आयिन म्हणायचा नाही, नुसता घशात धरायचा,
पाणी गिळायच्या आधी धरतो तसा.
आता योद झाकून ठेव.
बेथ आणि सादे यांची जागा बदल.
काय झालं?
ओसेब.
म्हणजे दुखणं. कळ.

शास्त्रात एके ठिकाणी नुसती नावंच नावं आहेत,
अमक्याचा तमका, तमक्याचा ढमका,
वाचणाऱ्याला जांभई यावी इतकी.
तिथे लिहिणारा एकदाच दम खातो:
ह्याच्या आईला फार कळा आल्या, म्हणून हे नाव.
आईचं नाव मात्र लिहीत नाही.
आणि परत यादी.

शेजारच्या कमळाबाई मुजुमदार म्हणायच्या,
आमच्यातही ठेवतात हो, धोंडू, केरू,
दोन गेली की तिसऱ्याला दृष्ट नको म्हणून.
आई म्हणाली, दृष्टीचं नाही.
मुरारच्या इस्पितळात दोन रात्री गेल्या,
दिवे नव्हते, नर्सच्या तोंडात टॉर्च.
तेवढं सोसलेलं कुठेतरी लिहून ठेवायला हवं ना?
पण दुखण्याला दुखणं म्हणून
दिवसातून वीसदा जेवायला कसं बोलवायचं?
त्या बाईनेही तेच केलं असणार.
अक्षरं तीच ठेवली, फक्त पुढची मागे केली.

वडील म्हणाले, व्याकरणात असं काही नाही.
ह्यांच्या व्याकरणाला कधी मूल झालंय का, आई म्हणाली,
आणि भाकरी उलटली.
बघा, वडील म्हणाले कमळाबाईंना,
हिचं नाव सिम्हा, म्हणजे आनंद.
आणि मुलाचं हे!

यासेब.
बाबूने न शिकता, एका फटक्यात
तिने हलवलेलं अक्षर
परत जागच्या जागी नेऊन ठेवलं होतं.
आता त्याचा अर्थ होत होता, दुखवील हा.
बावन्न वर्षांत मी दुखवलं नाही असं नाही.

बाबूजी, म्हटलं, ब पहले. स बाद में.
त्याने चष्मा वर केला,
दोन अक्षरांखालून निळ्या शाईचा एक वेलांटा फिरवला,
बाजूला माझी सही घेतली.
माता का नाम?
मी सांगितलं.
सिंहा? शेरवाला?

नाही, म्हणालो.
पुढचं सांगणार होतो,
पण मागच्या माणसाने आपला कागद
माझ्या हाताखालून आत सरकवला होता.